कच्च्या टाक्याची बाही

समुद्र नसलेल्या गावात माझे अप्पा जहाजावर नोकरीला होते. हे मी शाळेत सांगितलं की मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या, आणि आमच्या कानडीच्या बाईसुद्धा स्वल्प हसून घ्यायच्या. बेंगळुरात कुठलं आलंय जहाज? पण होतं. लोखंडाच्या मोठ्या पोकळ टाक्या एकमेकींना जोडून केलेला तो तराफा होता. त्यावर पत्र्याची केबिन, केबिनमागे डिझेलचं इंजिन आणि पुढे तळ्याच्या तळाशी जाऊन गाळ ओढून घेणारा जाडजूड पाइप. शेजारी एक सपाट बार्ज उभं असायचं, ते गाळ भरून काठावर आणून टाकायचं. गावातल्या तळ्यांमध्ये वर्षानुवर्षं साचलेली घाण उपसायचं हे काम. बाकीचे सगळे त्याला ड्रेजर म्हणायचे, अप्पा मात्र जहाज म्हणायचे, आणि ते म्हणायचे म्हणून मी आजही जहाजच म्हणते. पाण्यावर तरंगतं आणि माणसं घेऊन जातं, मग जहाज नाही तर काय बैलगाडी?

आमचं घराणं शिंप्याचं. मराठ्यांच्या फौजेबरोबर तंबू शिवायला म्हणून जे लोक इकडे आले ते तंबू उठल्यावरही इथेच राहिले, असं आमच्याकडे सांगतात. खरंखोटं देवाला ठाऊक. चामराजपेटेत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत, दाराशी, उजेडाच्या बाजूला आईचं पायमशीन. सकाळी फिल्टरमधून कॉफी ठिबकायला लागली की मशीन सुरू व्हायचं आणि संध्याकाळी दिवा लावेपर्यंत थांबायचं नाही. मधल्या वेळात कुकरच्या शिट्ट्या, गल्लीत वळणाऱ्या रिक्षांचे हॉर्न, फुलवालीची 'हूवा, हूवा' अशी हाक. या सगळ्याच्या खाली मशीनची घरघर. ती थांबली की मला अभ्यासातून मान वर करून बघावंसं वाटायचं, काही बिनसलं का म्हणून. अप्पांच्या हाताला मात्र सुई कधी वळली नाही. शिंप्याच्या घरात जन्मून साधं बटण लावता येत नाही, यावरून आई त्यांना आयुष्यभर चिडवत आली. अप्पांचं उत्तर ठरलेलं होतं, "तुम्ही शिवणारे घरात इतके झालात की. कुणीतरी फाडणारा नको?"

आणि फाडायचे ते खरंच. संध्याकाळी यायचे तेव्हा त्यांच्या आधी तळ्याचा वास घरात यायचा. न्हाणीत जाऊन दोन बादल्या पाणी ओतून घेतलं तरी तो जायचा नाही. त्या पाण्यात काय काय सोडलेलं असे कोण जाणे, अंगाला लागलं की लाल पुरळ उठायचं, म्हणून कितीही ऊन असलं तरी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा लागे. मानेवर पुरळ आलेलं असलं की आई खोबरेल तेलात कापूर घालून चोळायची आणि अप्पा लहान मुलासारखे 'आ ऊ' करायचे. मग जेवण. सारू-भात, एखादी घेवड्याची पल्या, म्हणजे सुकी भाजी, शेवटी दहीभात. अप्पा दहीभात फार निगुतीने कालवायचे, पाच बोटांनी, शीत न् शीत मऊ होईपर्यंत, आणि शेवटचा घास स्वतः न खाता माझ्या तळहातावर ठेवायचे. हातावरच्या या घासाला इथे कैतुत्तू म्हणतात. मी पंधरा वर्षांची झाले होते, तरी तो घास चुकला नव्हता. आई म्हणायची, "घोडी झाली, आता तरी पुरे करा." अप्पा म्हणायचे, "घोडी झाली म्हणजे भूक जास्त की!"

अप्पा विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या यंत्रावर होते. जहाजाला स्वतःहून पुढेमागे जाता येत नसे. काठावरच्या खुंटांना तारेचे जाड दोर बांधलेले असत, आणि विंचच्या ढोलावर ते दोर गुंडाळत जहाज इकडून तिकडे सरकवायचं. दोर ढोलावर सरळ बसवणारी एक चाकी होती, ती मोडून किती काळ झाला ते कुणाला आठवत नव्हतं. म्हणून अप्पा डाव्या हाताने दांडा धरायचे आणि उजव्या हाताने फिरता दोर सारून नीट बसवायचे. तारेचा दोर जुना झाला की त्यातली एकेक बारीक तार तुटून वर येते. जहाजावरचे लोक तिला मुळ्ळू म्हणत, म्हणजे काटा. हा काटा बाहीत अडकला की बाही गेलीच. अप्पांच्या शर्टाची उजवी बाही आठवड्यातून एकदा तरी खांद्यापासून सुटून, पिशवीत घडी होऊन घरी यायची. जहाजावर पाच माणसं, आणि पाचही जणांचे कामाचे शर्ट आईकडे शिवायला असायचे. त्यांतले रंगप्पा अप्पांचे जिवलग. आईला अक्का म्हणायचे आणि आमच्या घरची कॉफी पिऊन पिऊन मोडकंतोडकं मराठीही शिकले होते. त्यांच्या डाव्या हाताला चारच बोटं होती. पाचवं मगरीने खाल्लं, असं त्यांनी मला लहानपणी सांगितलं होतं. तळ्यात मगर नाही हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि ते बोट मग कुणी खाल्लं हे विचारायचं तर राहूनच गेलं.

त्या शर्टांची एक गंमत होती, म्हणजे मला ती गंमत वाटायची. माझी आई बिनचूक शिवणारी. तिच्या ब्लाउजची शिवण उसवली असं चामराजपेटेत कुणी म्हणालेलं नाही. पण या पाच जणांच्या शर्टांच्या बाह्या ती मशीनवर लावायचीच नाही. सुईत पांढरा दोरा ओवून मोठे मोठे कच्चे टाके घालायची, आपण नुसती टाचणी करताना घालतो तसे. बोट घालून ओढलं की बाही हातात. मला याची लाज वाटायची. शिंप्याच्या घरचा शर्ट आणि लहान मुलीच्या बाहुलीसारखी शिवण? मी एकदा विचारलं, "आई, मशीनवर एक शिलाई मारायला किती वेळ लागतो गं? रोज रोज सुटतीय ती."

"असू दे. त्यांना तसंच लागतं."

"पण का?"

"लागतं म्हटलं की. जा, कुकर बघ."

मी कुकर बघायला गेले. आता इतक्या वर्षांनी वाटतं, त्या दिवशी कुकर जळला असता तरी चाललं असतं. पण आमच्या घरात अभद्र बोलायची पद्धत नव्हती. वास्तू तथास्तु म्हणत असते, म्हणून वाईट गोष्टीचं नावसुद्धा तोंडातून काढायचं नाही. साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. दिवा विझला म्हणायचं नाही. जहाजावर दोर तुटून एकाच्या पायावर बसला आणि तो जन्माचा लंगडा झाला, एक जण बार्ज आणि जहाजाच्या मध्ये सापडून बरगड्या मोडून घरी बसला, हे सगळं आईला माहीत होतं. पण आमच्याकडे 'त्याला जरा लागलं' यापलीकडे ते कुणी बोललं नाही. बाही कच्ची ठेवायची ती काट्यात अडकली तर बाही जावी आणि हात राहावा म्हणून, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगायचं म्हणजे अप्पांचा हात विंचमध्ये जाऊ शकतो हे वाक्य आईला घरात, तिन्हीसांजेला, तोंडाने म्हणावं लागलं असतं. ते तिने म्हटलं नाही. मी तिला दोष देत नाही. मीही माझ्या मुलीला कितीतरी गोष्टी सांगितलेल्या नाहीत.

त्या वर्षी मी शिवण शिकत होते. काज करणं, कॉलर बसवणं, खिसा लावणं असं एकेक जमत गेलं आणि मला भारी माज चढला. आयुधपूजेला अप्पांना स्वतः शिवलेला शर्ट द्यायचा असं मी ठरवलं. आयुधपूजा म्हणजे आमच्याकडे मोठं प्रस्थ. ज्याच्या हातात जे हत्यार, त्याची त्या दिवशी पूजा. रिक्षांना केळीचे खुंट बांधतात, मशीनला हळदकुंकू लावतात, विळी-कात्रीलाही झेंडूचं फूल मिळतं. जहाजावरही पूजा व्हायची आणि त्या दिवशी बायकापोरांना काठावर येऊन बघता यायचं. जाड खाकी कापड मी चिकपेटेतून आणलं. दुपारी आई ब्लाउज पोचवायला बाहेर पडली की मी मशीनवर बसायची. सगळा शर्ट झाला आणि बाह्या उरल्या तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता बघा. बाहीचा मुंढा, म्हणजे खांद्याशी जोडायची कड, आत दुमडून मी दोनदा शिलाई मारली. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून बॅगा शिवायचा नायलॉनचा दोरा आणून तिसरी मारली. मग दोन्ही हातांनी धरून, पाय भिंतीला लावून ओढून बघितलं. हलली नाही. आता कुठला काटा ही बाही फाडतो ते बघू, असं मी मोठ्यानं म्हणाले. घरात कुणी नव्हतं. वास्तू तेवढी होती.

पूजेच्या दिवशी सकाळी शर्ट देवापुढे कुंकू लावून ठेवला. अप्पांनी तो उचलला, उलटसुलट करून पाहिला, कॉलरवरून अंगठा फिरवला, आणि इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं माप चुकलं. मग म्हणाले, "हा तू शिवलास? सगळा?" मी मान हलवली. "आई, बघितलंस काय? आपली कुसुमक्का दुकान काढणार." मी झाल्यापासून ते आईला आईच म्हणायचे. आईनं शर्ट बघितला, हसली, आणि मुंढ्याकडे नजर जाताच स्वल्प थांबली. मला ते थांबणं आठवतं. मग ती अप्पांना म्हणाली, "हा पूजेपुरता घाला हं. कामाचा पिशवीत ठेवलाय मी." सणासुदीच्या सकाळी ती याहून जास्त काय बोलणार होती?

शिवाजीनगरला बस बदलून आम्ही तळ्यावर गेलो. जहाज इतकं छान मी कधी बघितलं नव्हतं. केबिनला आंब्याची पानं, विंचला शेवंतीचा हार, इंजिनाच्या पत्र्यावर गंधाचे तीन पट्टे. काठावर सतरंजी घातली होती, त्यावर आम्ही बायका बसलो आणि कागदाच्या पुड्यांत कडलेपुरी, म्हणजे चुरमुरे-फुटाणे, वाटली गेली. कोहळा फोडून झाला. कामावरचे साहेब येऊन नमस्कार करून गेले आणि जाताना म्हणाले, मशीन एकदा चालवून दाखवा. पूजेनंतर यंत्र फिरलं पाहिजे, नाहीतर वर्षभर ते अडतं, अशी समजूत. पाचच मिनिटांचं काम. माणसं फळीवरून जहाजावर चढायला लागली. चढण्याआधी त्यांची एक रीत होती, तीही मी त्या दिवशी पहिल्यांदाच बघितली. प्रत्येक जण आपल्या उजव्या बाहीला खांद्याशी धरून एक हिसका द्यायचा आणि मगच पाय टाकायचा. मला वाटलं देवाला नमस्कार करण्यासारखं काही असेल. अप्पांनीही दिला. एकदा दिला, परत एकदा दिला. मग वळून काठाकडे बघितलं. मी हात उंच करून हलवला. ते हसले, त्यांनी खांद्यावर थाप मारून मला दाखवली, वा, काय शिवलंय, अशी, आणि फळीवरून पलीकडे गेले. कामाच्या शर्टाची पिशवी आईच्या मांडीवर होती. "अहो, शर्ट," असं ती अर्धवट उठून म्हणाली, पण तोवर इंजिन सुरू झालं होतं.

पुढचं मी थोडक्यात लिहिते. मला ते लांबवता येत नाही. इंजिनाचा आवाज आधी जड झाला. चढावरच्या बसचा होतो तसा. मग रंगप्पांचं ओरडणं, "निल्लिसू! निल्लिसू!" थांबवा, थांबवा. इंजिन थांबवायची कळ होती केबिनमध्ये आणि विंच होतं पार पुढच्या टोकाला. विंचचा दांडा अप्पांच्या डाव्या हाताशी असायचा, पण उजवा हात आत ओढला गेल्यावर डावा तिथवर पोचेना. अप्पा ओरडले नाहीत. निदान मला काही ऐकू आलं नाही. इंजिन बंद झालं आणि तळ्यावर एकदम शांतता पसरली, आणि त्या शांततेत मला माझ्या हातातल्या कडलेपुरीचा कागद चुरगळल्याचा आवाज आला. त्यांना बार्जवरून काठावर आणलं. शेवंतीच्या पाकळ्या त्यांच्या केसांत होत्या. आईनं पदर फाडून दंडाला बांधला, आणि रिक्षात बसेपर्यंत ती पिशवी तिच्या खांद्याला तशीच लटकत होती.

हात कोपराच्या वरून काढावा लागला. इस्पितळाच्या व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो होतो. नर्सनं प्लॅस्टिकच्या पिशवीत अप्पांचे कपडे आणून दिले. शर्ट कात्रीनं उभा कापलेला होता, कफपासून वर खांद्यापर्यंत, पण मुंढ्याची शिवण तशीच होती. एक टाका निघाला नव्हता. रंगप्पा भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी ती शिवण बघितली, चार बोटांच्या हातानं चाचपली आणि आईला विचारलं, "अक्का, बाही का सुटली नाही?"

आईनं शर्ट त्यांच्या हातून घेऊन परत पिशवीत घातला. रंगप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली. त्या एका प्रश्नात मला सगळं कळलं. कच्चे टाके, फळीवरचा हिसका, 'त्यांना तसंच लागतं'. सगळं एकदम. मी उठून व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि तिथे काय करायचं ते न सुचून परत आले. रडूही आलं नाही. रडू पुढे फार दिवसांनी आलं, एका लग्नात, कुणीतरी दहीभात वाढत असताना.

दोन दिवसांनी मी घरी आले तर भर दुपारी आई दारातल्या उजेडात तो शर्ट मांडीवर घेऊन बसली होती. ब्लेडने माझी शिवण उसवत होती. एकेक टाका. नायलॉनचा दोरा लवकर तुटत नाही. मी उंबऱ्यात उभी राहिले. मान वर न करता ती म्हणाली, "पक्की आहे गं तुझी शिलाई." एवढंच. पूर्ण उसवून झाल्यावर बाही वेगळी केली, घडी घातली आणि शर्टासकट न्हाणीच्या चुलीत घातली. आपण सांगितलं नाही हे तिला खात होतं आणि मी विचारलं नाही हे मला. एका घरात राहून आम्ही दोघी कितीतरी महिने एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं टाळत होतो.

मग अप्पांच्या कामावरून चौकशीला एक गृहस्थ घरी आले. काखेत फाइल. आईनं कॉफी दिली ती त्यांनी घेतली. कामाला असा मजबूत कपडा घालणं ही कामगाराची स्वतःची चूक आहे, असं त्यांनी सभ्यपणे समजावलं आणि पेन उघडून कानडीत विचारलं, "यारु होलिदिद्दु?" कुणी शिवला होता?

मी आतल्या दारात होते. तोंड उघडलं होतं. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाने." मीच.

त्यांनी लिहून घेतलं. कागदावर आजही कुठेतरी माझ्या आईचं नाव असेल. दोर किती जुना होता, चाकी कधी मोडली, इंजिनाची कळ विंचपासून लांब का, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. या वयात मला हे लख्ख दिसतं आणि अजून संताप येतो. नवा दोर आणला असता तर काटेच नसते, आणि काटे नसते तर माझी बाही जगातली सगळ्यात पक्की असती तरी चाललं असतं. हातानं दोर सारायला लावणाऱ्यांचा तो गुन्हा होता, पंधरा वर्षांच्या पोरीचा नव्हे. हे मी स्वतःला हजारदा सांगितलंय. डोकं ऐकतं. बोटं ऐकत नाहीत.

अप्पा घरी आले. डाव्या हातानं जेवणं त्यांना अपवित्र वाटे, म्हणून सुरुवातीला आई भरवायची, मग हळूहळू चमच्याने जमायला लागलं. दहीभात कालवणं मात्र जमेना. एके दिवशी त्यांनी चमच्यात शेवटचा घास घेतला, माझ्या हाताकडे बघितलं, आणि गुपचूप स्वतः खाऊन टाकला. मी उठून भांडी घासायला गेले. शिवण मी सोडून दिली होती. आईनं आग्रह केला नाही. आईचं मशीन चालू असलं की मी गच्चीवर जाऊन बसायची.

असं वर्ष गेलं. पुढच्या आयुधपूजेच्या आदल्या दिवशी दुपारी आई बाजारात गेली होती. अप्पा डाव्या काखेत कागदाचं पुडकं धरून बाहेरून आले. पुडकं मशीनवर ठेवलं. आत निळं कापड होतं.

"शर्ट शिवून दे."

"आई शिवेल की."

"आईला सांगायचं तर आईला सांगितलं असतं. तुला सांगतोय."

मी म्हटलं, "अप्पा, माझ्यामुळे..." घरात हे वाक्य पहिल्यांदाच कुणीतरी उच्चारलं होतं.

अप्पा मशीनसमोरच्या स्टुलावर बसले. रिकामी बाही त्यांनी खिशात खोचलेली होती, ती जरा नीट केली. "हे बघ कुसुमक्का. तुला सांगायचं राहिलंय एक. चढायच्या आधी बाही ओढून बघायची असते. मी बघितली होती."

"माहीत आहे. मी बघत होते."

"दोनदा ओढली. पक्की होती. मला कळलं की ती सुटायची नाही." त्यांनी मशीनचं चाक उगाच फिरवलं. "शर्ट काढून ठेवायला किती वेळ लागतो? पिशवी तिथंच होती आईजवळ. पण तू काठावर हात हलवत होतीस. म्हटलं, पाच मिनिटांचं काम. आता काढला तर पोरीला काय वाटेल."

मी निळ्या कापडाची घडी उलगडत राहिले.

"म्हणजे चूक माझी. तुझी नव्हे. मला माहीत असून घातला मी. कळलं काय? एवढंच सांगायचं होतं. आता शिव." त्यांचा चेहरा अगदी हलका झाला होता. वर्षभर हे सांगायचं ते मनात धरून होते आणि आता त्यांनी माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवलं होतं, असं त्यांना वाटलं. मी ते तसंच वाटू दिलं. माझी शिवण पक्की होती म्हणून त्यांचा हात गेला, इथवर मी कसंतरी पोचले होते. मला वाईट वाटू नये म्हणून तो गेला, हे त्या दुपारी कळलं. हे ओझं मी आजतागायत कुणाला दिलं नाही, आज पहिल्यांदा कागदावर ठेवतेय.

मी कात्री घेतली. उजव्या बाहीचं माप विचारलं तर म्हणाले, "पूर्ण बाहीचंच. अर्ध्या बाहीचा मी कधी घातलाय?" उजवी बाही मी मशीनवर लावली, दुहेरी शिलाईने, पक्की. तिला आता कशाचंच भय नव्हतं. मग मशीनवरून उठले, सुईत पांढरा दोरा ओवला, आणि डावी बाही मोठ्या मोठ्या कच्च्या टाक्यांनी लावली. अप्पा बघत होते. जहाजावर ते परत कधी जाणार नव्हते.

पुढची सगळी वर्षं, अप्पा गेले तोपर्यंत, त्यांचे शर्ट मीच शिवले आणि डावी बाही मशीनवर कधी लावली नाही. ती कुठेही सुटायची. बसचा दांडा धरताना, देवळात प्रदक्षिणा घालताना, एकदा तर नातीच्या बारशात सगळ्यांच्या देखत. नातेवाईक हसायचे, मुलीचं शिवणाचं एवढं मोठं दुकान आणि बापाचा शर्ट बघा. अप्पा कुणाला काही सांगायचे नाहीत. सुटलेली बाही डाव्या हातातून दातांनी ओढून काढायचे, खिशात घालून घरी आणायचे, आणि माझ्या मशीनवर ठेवून खुशीत म्हणायचे, "कुसुमक्का, सुटली बघ."